वाढत्या अंगाच्या काठ्या

तृप्तीला स्वतःच्या गोल्फच्या काठ्या आल्या, त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला न्हाई. तृप्ती म्हणजे माझ्या धाकट्या जावेची, सुमेधाची लेक. आमचं मूळ घर तीर्थपुरीचं, पण आता दोघी जावा जालन्यात एकाच घरात राहतो, त्या खाली, आम्ही वर. माझी शालू आन तृप्ती एकाच वयाच्या, एकाच वर्गात. गावाबाहेर एका कारखानदारानं माळावर गोल्फचं मैदान केलंय, तिथं महेबूब सर शाळेच्या पोरींना फुकट शिकवतात. दोघी मैदानावरच्याच काठ्यांनी खेळायच्या, अगदी बरोबरीनं खेळायच्या. मंग ह्या बाईला काय सुचलं, देव जाणे.

सुमेधा सरांच्या मागं लागली. सरांनी तृप्तीला सरळ उभं केलं, मनगटापासून जमिनीपर्यंत माप घेतलं, पंजा पाहिला, बॉल मारताना जोर किती लागतो ते पाहिलं. आन एवढं करून आणलं काय? कोण्या बाईच्या वापरलेल्या काठ्या, त्या बी कापून आखूड केलेल्या, आन त्या बी पाच-सहाच. मी मनात म्हणले, बस्स, एवढाच का थाट. पण पोरीचा बॉल सरळ जायला लागला. शाळेत तृप्ती, गल्लीत तृप्ती, सासूबाईंचा गावाहून फोन आला तरी तृप्ती. माझ्या अंगाची नुसती लाहीलाही होऊन राह्यली होती.

शेवटी आमच्या ह्यांना बसू दिलं न्हाई, आन संभाजीनगरला दुकानात नेलं. सर म्हणले होते, पोरीला संगं न्या, तिच्या मापाचं घ्या. पण सुमेधानं ज्याला आधी विचारलं, त्याचं मी कशाला ऐकू? शालूला नेलंच न्हाई. दुकानदारानं तिची उंची विचारली, तर मी हात तिच्या डोक्याच्या चांगला वीतभर वर धरून दाखवला. आता ह्यात माझं काय चुकलं? आम्ही फ्रॉक घेतो तो वाढत्या अंगाचा. बूट घेतो तो मोकळा, पुढं कापूस कोंबायचा. शाळेचा ड्रेस दोन वर्षं आत दुमडून घालायचा. पोर वाढते, वस्तू वाढत न्हाई. दुकानदार म्हणला, ह्या तर मोठ्या माणसाच्या काठ्या. मी म्हणले, होईल की मोठी.

पूर्ण संच घेतला, चाकाची पिशवी घेतली. घरी आल्यावर ती पिशवी मुद्दाम खालच्या दारासमोर थांबवली, चाक अडकल्याचं निमित्त केलं. सुमेधा बाहेर आली, काठ्यांवरून हात फिरवला आन म्हणली, लई भारी आहेत, बाई. तिचं तोंड जरा उतरलं असतं तर माझा सगळा खर्चा वसूल झाला असता. उतरलं न्हाई.

शालूचा खेळ मात्र बसला. काठी लांब, म्हणून ती मागं सरकून उभी राहायची. वजनानं हात ओढले जायचे. कधी नुसती माती उडायची, कधी बॉल वाकडा बाभळीत. सरांनी मला बोलावून समजावलं की ही काठी मापाची होईस्तोवर पोरीचा हातच बिघडेल. मी शालूला म्हणले, दूध पी, वाढशील जल्दी.

विभागाच्या स्पर्धेला शाळेतून एकच पोरगी जाणार होती. निवडीच्या दिवशी सरांनी सगळ्यांना सारखे बॉल दिले. झेंड्याजवळ जिचे जास्त पडतील, ती जाणार. तृप्तीचे बरेच पडले. शालूचा पहिला बाभळीत, दुसरा बी बाभळीत. पोरगी रडकुंडीला आली.

तेवढ्यात सुमेधा उठली. तृप्तीच्या कानात काहीतरी बोलली, तिच्या हातातली काठी घेतली आन शालूच्या हातात दिली. सरांनी तृप्तीकडं पाहिलं. तिनं होकारार्थी मान हलवली, मंग सर म्हणले, चालतंय. मी असते तर दिली नसती. बिलकुल दिली नसती.

त्या आखूड काठीनं शालूचा एकही बॉल वाया गेला न्हाई. तृप्तीपेक्षा एक जास्त पडला. माझी शालू निवडून आली! मी धावले तिला पोटाशी धरायला, तर ती आधी काकूच्या गळ्यात पडली.

घरी आल्यावर म्हणती कशी, स्पर्धेला तृप्तीच्याच काठ्या पाहिजेत. मी भडकले. आपल्या आहेत त्या काय चुलीत घालायच्या, म्हणले. ती म्हणली, "आई, मी ह्याच्यानी खेळणार न्हाई. काकूला तूच माग."

मी जिना उतरले. उतरताना मनात एकच, सुमेधानं नाही म्हणावं. एकदा नाही म्हणली की तिला नावं ठेवायला मी मोकळी. त्यात पोरीची स्पर्धा जाईल, हे डोक्यात बी आलं न्हाई.

दार उघडंच होतं. आतल्या खोलीतून तृप्तीच्या रडण्याचा आवाज येऊन राह्यला होता, उशीत तोंड खुपसून रडावं तसा. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सुमेधाचे डोळे बी लाल झाल्ते. मी तोंड उघडायच्या आधीच तिनं तृप्तीच्या काठ्यांची पिशवी आणून माझ्या हातात दिली.

"बाई, संगं एक कोरडा रुमाल द्या," ती म्हणली. "शालूच्या तळहाताला घाम लई येतो. दांडा निसटतो."

मी हो म्हणले, जसं काही मला माहीतच होतं. वर आले, पिशवी भिंतीला टेकवली. शालू अभ्यासाला बसली होती. मी तिचा हात उघडून पाहिला. घामानं ओला होता. माझ्या लेकीचा हात, आन ते बी त्या सुमेधालाच आधी कळलं.