ए ला ए

तोंड बंद आणि खेळ चालू, असलं भांडण मी जन्मात बघितलं नव्हतं. माझा केरू मस्कतला कंपनीत, आणि सून सगुणा माझ्यापाशी, पेणजवळच्या जोहे गावात. गणपतीच्या कारखान्यात आम्ही दोघी शेजारी बसून काम करतो. केरू सणाला येतो म्हणाला नि मग सुट्टी नाय म्हणून फिरला. सगुणानं फोनवर सांगून टाकलं, मग येऊच नको. त्यानंही बरं म्हटलं. झालं, बोलणं बंद! पण मोबाइलवरचा तो इंग्रजी शब्दांचा खेळ मात्र सुरूच. त्यानं अक्षरं मांडून एक शब्द करायचा, हिनं त्याला चिकटून आपला करायचा. सकाळी तिकडून शब्द आला की हिचा चेहरा जरा निवळायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाय, पण म्हटलं, चाललंय ते चालू दे.

मग हिनं मोबाइल फळीवर ठेवला तो ठेवलाच. विचारलं तर म्हणाली, क्यू अक्षर आलंय वाट्याला, त्याचा शब्द सुचत नाय. दोन दिवस झाले तरी हात लावीना. मी म्हटलं, कुणाला तरी विचार की गो. तर म्हणाली, दरवेळी मीच का शोधायचं? आता क्यूवर राग की नवऱ्यावर, माझं डोकं चालेना. केरूला फोन लावला, तर तो म्हणतो, तिला करू दे. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं.

तिसऱ्या दिवशी सगुणा रंग आणायला पेणला गेली, मोबाइल घरीच ठेवून. मी तो उचलून कारखान्याचे मालक महिपतीभाऊंकडे नेला. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"काशीबाई, आज डाव टाकला नाय तर खेळ संपला."

बोलणं गेलं, हेही गेलं तर दोघांत राहिलं काय? म्हटलं, भाऊ, क्यूचा एखादा बारकासा शब्द सांगा. ते म्हणाले क्वीन, पण त्याची बाकीची अक्षरं आमच्याकडे नव्हती. रंगवाल्या पोरींनी आणखी दोन-चार सांगितले, ते तर रेल्वेगाडीएवढे लांब. लावून बघितले ते सगळे लाल होऊन परत आले. शेवटी ज्याचं काम त्यालाच जमावं, मी मोबाइल धरून तशीच बसले.

मला इंग्रजी अक्षरं ठाऊक हायत ती साच्यांवरची. आमचा साचा दोन तुकड्यांचा, एक पोटाचा, एक पाठीचा. कुठला कुठल्याला बसतो ते कळावं म्हणून दोघांवर एकच अक्षर. ए ला ए, बी ला बी. शाळेत असताना केरूनंच रंगवलीत ती. खेळात केरूच्या शब्दाच्या टोकाला ए होता, आमच्या वाट्यालाही एक ए. म्हटलं, हा त्याचाच असणार. दिला त्याच्याखाली बसवून नि दाबलं हिरवं बटण.

लाल झालंच नाय. गेलं! महिपतीभाऊ म्हणाले, नुसता ए ला ए लावून कुठं शब्द होतो? तर रंगवाल्या एका पोरीनं शोधून सांगितलं, तसा शब्द हाय म्हणे, ज्वालामुखीच्या दगडाला म्हणतात.

सगुणा परत आली, आता हिला सांगू कसं म्हणून मी घुटमळतेय, तोवर हातातला तिचा मोबाइल वाजला. केरू. मला कमी ऐकू येतं म्हणून मी स्पीकर लावला.

"आई, साच्यासारखं ए ला ए, हे तू लावलंस. सगुणाचं नाय हे."

मी म्हटलं, व्हय, मग काय करणार, तुम्ही दोघं असले. आणखी चार शब्द सुनावणार होते, पण त्याचं लक्षच नव्हतं.

"ती कुठाय? घर सोडून गेली का, आई?"

एवढा बाप्या गडी, पण आवाज असा कापत होता की माझा राग कुठल्या कुठं गेला. तीन दिवस हिचा शब्द नाय आणि आज बघतो तर आईचा हात. काय काय आलं असेल पोराच्या मनात.

सगुणा रंगाचे डबे धरून दारातच उभी राहिली होती. तिनं डबे खाली ठेवले, माझ्या हातातून मोबाइल घेतला. मग ती रडायलाच लागली.

"हितंच हाय मी," ती म्हणाली. "क्यू घेऊन बसलेय."