निजेना अंजीर

थंडीच पडेना. स्वेटर कपाटात घडीसकट पडून होते, भरदुपारी पंखा गरगरत होता आणि परसातलं अंजीर काही केल्या निजायचं नाव घेत नव्हतं.

सूनबाई उठता-बसता परसात जायची. फांदीची टोकं चाचपायची. एव्हाना झाड उघडंबोडकं होऊन गपगार व्हायला हवं होतं; पण एक पान पिवळं पडावं, तोवर दुसरीकडून हिरवी चोच बाहेर. "नीज ना रे राजा, किती छळशील?" ती पुटपुटायची आणि तिचीच झोप उडायची.

रविवारी सामानाची गाडी येणार होती. नवऱ्याची बदली लांबच्या गावी. तिथल्या घरामागे हातभर अंगण होतं. हे अंजीर तिच्या आईनं काडी असताना ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेलं. आई आता नव्हती, तिचं बजावणं तेवढं कानात होतं: झाड निजल्यावरच हलव, जागेपणी उपटलंस तर हाती काटकी उरेल. म्हणून सूनबाईनं झाडाला ताण दिला होता. पाणी तोडलं होतं, झाडानं अंग आखडून झोपी जावं म्हणून.

"झाड आहे की तान्हं बाळ?" खोकी बांधता बांधता नवरा म्हणाला. "नसेल झोपत तर राहू दे इथंच. आई आहे बघायला."

"तुमचं बरं आहे. तुमची आई आहे," ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

शनिवारी तिनं बुंध्याशी खुरपं घातलं. वर धूळ, खाली चिखल! ती चक्रावली आणि मोरीच्या भिंतीआड लपून पाहू लागली. ऊन मऊ झालं तसं मागचं दार करकरलं. सासूबाई भाजी धुतलेलं पाणी घेऊन आल्या, बुंध्याशी ओतलं आणि पायानं वर कोरडी माती सारखी केली.

"आई!"

भांडं ठणकन पडलं. "काय गं ओरडतेस? काहिली बघ केवढी. तहानलं होतं ते."

"मी ताण दिलाय. ठाऊक होतं तुम्हाला."

"होतं." सासूबाईंनी हात पुसले, उगाच पुन्हा पुसले. "झाड इथं राहिलं तर फळं खायला तरी येशील. आमच्यासाठी कोण मेलं एवढ्या लांब येतंय!"

सूनबाईला संताप आला आणि रडूही आलं. दोन्ही गिळून तिनं कुदळ उचलली.

"अगं, जागं आहे. मरेल!"

"इथं ठेवून रोज त्याचीच चौकशी करत बसू? नेते. मी येईन ती तुमच्यासाठी येईन. अंजिराचं निमित्त नको."

सासूबाई गुडघे धरत खाली बसल्या. "तिथं नको घाव घालू, मूळ आहे. लांबून घे. आणि वरच्या फांद्या छाट आधी, एवढी पानं कोण पोसणार?"

छाटलेल्या टोकांतून पांढरा चीक टपटपू लागला. दोघींनी मातीचा गोळा गोणपाटात घेतला, घामाघूम होत परसाच्या दारापर्यंत ओढला.

"पोचल्यावर कळव," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या.

"झाडाचं?"

"झाडाचंही."

गोणपाटाचं टोक त्यांनी अजून सोडलं नव्हतं.