बेपत्ता या कलमाखाली

कॅप्टन सापडल्याची बातमी आधी सुनेला कळली. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायच्या यंत्रावर ती बसली होती, तेव्हा परदेशातून एका वकीलबाईंचा फोन आला. युद्धात बेपत्ता झालेल्यांच्या घरच्यांची बाजू कोर्टात मांडायचं काम त्या करत. त्यांनी सांगितलं, की त्यांच्या देशात खोट्या नावाने राहणारा एक माणूस पकडला गेलाय, युद्धातला कॅप्टन. फर्निचरच्या गोदामात कपाटं उचलायचा. त्याच्या कैदेत हाल सोसलेला एक जण पलंग घ्यायला तिथे गेला आणि त्याने त्याला ओळखलं. आता तिथलंच कोर्ट खटला चालवणार होतं. असे गुन्हे जगात कुठेही घडलेले असोत, तिथला कायदा त्यांना हात घालू शकतो.

"तुमच्या सासूबाईंची साक्ष हवी," वकीलबाई म्हणाल्या. "तुमच्या यजमानांना नेल्यावर त्याच्याशी बोललेल्या त्या एकट्याच आहेत."

संध्याकाळी सून घरी आली तेव्हा सासू शिलाई मशीनवर वाकून शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी लावत होती. सुनेने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. सासूचा पाय पायट्यावर थांबला.

"जिवंत आहे तो?"

"कोण, कॅप्टन? हो."

"मग मला बोलावून काय करणार?"

"त्याच्यावर खुनाचा आरोप आहे, आई."

"कुणाच्या खुनाचा?"

सासूने दोरा दाताने तोडला. "माझा मुलगा मेलाय, असं मी कोर्टात जाऊन सांगणार नाही. सांग तुझ्या वकीलबाईला," एवढं बोलून ती पुन्हा मशीन चालवू लागली.

हा मुलगा अ‍ॅम्ब्युलन्स चालवायचा. लहानपणी तोंडाने भोंगा वाजवत अख्खी गल्ली डोक्यावर घ्यायचा, म्हणून सगळे त्याला भोंगाच म्हणत. नोकरी लागली तेव्हा मित्र म्हणाले होते, याला गाडी नुसती द्या, भोंगा त्याचा तो आणेल. युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात एका जखमी बाईला दवाखान्यात नेताना सैनिकांनी त्याची गाडी अडवली. गाडीतल्या नर्सला सोडलं, त्याला उतरवून जवळच्या शीतगृहात नेलं. एरवी तिथे फळांच्या पेट्या ठेवत. सैन्याने तो भाग घेतल्यावर तिथे माणसं ठेवायला लागले होते.

नर्सने घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी सासू एकटीच निघाली. सुनेला तिने घरात कोंडून बाहेरून कडी लावली, कारण तरण्या बायकांनी त्या बाजूला जाणं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालणं होतं. फाटकापाशी ती उभी राहिली तेव्हा एक अधिकारी बाहेर आला. तरुण होता, दाढी गुळगुळीत केलेली. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. तिने पिशवीतून आणलेला लेकाचा जाड स्वेटर पुढे केला आणि म्हणाली, आत फार गार असेल, एवढा द्या त्याला. त्याने तो घेतला, नीट घडी करून काखेत धरला. "देतो, मावशी. काळजी करू नका. चौकशी झाली की सोडू," असं म्हणाला. त्या एका वाक्यावर ती बाई दहा-अकरा वर्षं जगली होती.

आणि ती जगली म्हणून सूनही जगली. दोघींनी मिळून घर सावरलं, भाडं भरलं, एकमेकींची आजारपणं काढली. दर उन्हाळ्यात सासू त्याचे कपडे काढून ऊन द्यायची. पॅंटींच्या कमरा तिने थोड्या उसवून वाढवल्या होत्या. पुरुष माणूस तिशीनंतर सुटतोच, म्हणायची. सुनेने मनात नवऱ्याला कधीच निरोप दिला होता, निदान तिला तसं वाटायचं. चौकातला औषधदुकानदार, बायको वारलेला, शांत माणूस, त्याने वर्षभरापूर्वी तिला विचारलं होतं. ती त्याला हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. कागदोपत्री ती विधवा नव्हती. पण कागद हे एक निमित्त होतं, खरी अडचण मशीनवर बसलेली होती.

सासूला हे ठाऊक होतं. अशा गोष्टी घरात झाकून राहत नाहीत.

त्या आठवड्यात सुनेने दोनदा विषय काढला. तिसऱ्यांदा काढला तेव्हा सासूने कात्री खाली ठेवली.

"मला कळत नाही असं समजू नकोस. तुला मोकळं व्हायचंय. म्हणून त्याला मारायला निघालीस."

सून पांढरी पडली. मग कधी न चढवलेला आवाज तिने चढवला. "आणि तुम्ही? तुम्हाला तो जिवंत हवाय म्हणून त्याला मारणारा सुटला तरी चालेल? उद्या तो माणूस पुन्हा कपाटं उचलत फिरेल, पगार घेईल, घरी जाऊन झोपेल. चालेल तुम्हाला?"

"मारणारा म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? सांभाळणारा?"

त्यानंतर दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती.

शेवटी वकीलबाई स्वतःच आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, सोबत दुभाषा. तीन जिने चढून धापा टाकत होत्या. त्यांनी बॅगेतून काही काढलं नाही, मशीनजवळच्या स्टुलावर बसल्या आणि आधी पाणी मागितलं. सासूने पाणी दिलं आणि म्हणाली, "पाणी प्या, पण मी येणार नाही."

"तुमचा मुलगा मेला असं तुम्ही म्हणायची गरज नाही," वकीलबाई म्हणाल्या. दुभाषा वाक्यामागून वाक्य सांगत होता. "आरोप दोन आहेत. एक खुनाचा. दुसरा वेगळा आहे. माणसाला उचलून न्यायचं, आणि तो कुठे आहे ते घरच्यांना सांगायचं नाही, हाच एक गुन्हा आहे. बेपत्ता करण्याचा. त्यात मरण सिद्ध करावं लागत नाही. तो कुठे आहे हे कळेपर्यंत गुन्हा चालूच असतो. आजही चालू आहे, आपण इथे बसलोय तेव्हाही."

सासूने दुभाष्याला ते शेवटचं वाक्य पुन्हा सांगायला लावलं.

"म्हणजे कोर्ट त्याला विचारेल, माझा मुलगा कुठे आहे म्हणून?"

"कोर्ट विचारेल. उत्तर द्यायची सक्ती त्याच्यावर नाही."

"मी विचारलं तर?"

वकीलबाईंनी पेला खाली ठेवला. "खरं सांगू? साक्षीदाराने आरोपीला प्रश्न विचारायचे नसतात."

"बघू," सासू म्हणाली. "कपडे काय घालावे लागतात तिथे?"

कोर्टाची खोली तिला वाटली होती तेवढी मोठी नव्हती. भिंतींना फिकट लाकूड, खुर्च्या शाळेच्या कचेरीत असतात तशा. कानाला लावायला यंत्र दिलं होतं, त्यातून दुभाष्याचा आवाज येत होता. समोर काचेआड कॅप्टन बसला होता. केस पिकलेले, अंगाने भरलेला. त्याच्या नाकावरचा चष्मा सुनेने सगळ्यात आधी पाहिला. वाचायचा चष्मा, स्वस्तातला. या माणसालाही जवळचं दिसत नाही, असं काहीतरी बिनकामाचं तिच्या मनात येऊन गेलं.

सासूने साक्ष दिली. फाटक कसं होतं, कुत्रं कुठे बांधलं होतं, अधिकाऱ्याने काय म्हटलं. मग कॅप्टनच्या वकिलाने उलटतपासणी घेतली. तो उद्धट नव्हता.

"बाई, इतकी वर्षं झाली. बर्फ पडत होतं. तुम्ही घाबरलेल्या होतात. तो माणूस हाच, हे कशावरून?"

"माझा मुलगा त्याच्या पाठीमागच्या भिंतीआड होता," ती म्हणाली. "तो काय म्हणतो त्यावर माझं सगळं टांगलेलं होतं. अशा वेळी तुम्ही दुसरीकडे बघाल का?"

वकील खाली बसला. मुख्य न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

सासू काचेकडे वळली. वकीलबाईंनी हात उचलला, पण उशीर झाला होता.

"स्वेटर दिलास का रे त्याला?"

तिने रागाने विचारलं नव्हतं. शेजारच्या पोराबरोबर निरोप पाठवावा आणि तो पोचला का विचारावं, तसं विचारलं होतं. न्यायाधीश म्हणाल्या, की आरोपीने याचं उत्तर द्यायची गरज नाही. कॅप्टनच्या वकिलाने त्याच्या दंडावर हात ठेवला. आजवर इतक्या साक्षी झाल्या होत्या, इतके नकाशे आणि फोटो दाखवले गेले होते, त्या माणसाने तोंडातून ब्र काढला नव्हता. आता तो उठून उभा राहिला. चष्मा काढला.

"नाही," तो म्हणाला. त्याची भाषा तिचीच होती, तिला दुभाष्याची गरज पडली नाही. "द्यायला तो नव्हता, मावशी. आदल्या दिवशीच संपला होता."

एकदम सगळे बोलायला लागले. त्याचा वकील उठून वेळ मागत होता, सरकारी वकील भराभर लिहून घेत होते. सासू उभीच होती. कानातलं यंत्र काढून तिने हळूच समोरच्या टेबलावर ठेवलं, कुणाची तरी वस्तू परत करावी तसं.

"तरी घेतलास?" ती म्हणाली. "घडी करून?"

त्याला कुणीतरी खाली बसवलं. त्यानंतर तो पुन्हा बोलला नाही. प्रेत कुठे आहे, याबद्दल त्याच्या वकिलाने दुसऱ्या दिवशी एवढंच लेखी दिलं: एक ट्रक यायचा, तो कुठे जायचा हे त्याला माहीत नाही. त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही, पण त्यापुढे काही हातीही लागलं नाही.

हॉटेलच्या खोलीत सासू भिंतीकडे तोंड करून पडली. सून पलंगाच्या कडेला बसून होती.

"मी फाटकात उभी होते. मला वाटत होतं, माझा आवाज आत त्याला ऐकू जाईल. म्हणून मुद्दाम मोठ्याने बोलत होते."

सुनेने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तू पहिल्यापासून ओळखलं होतंस," सासू म्हणाली. "मी तुला नाही नाही ते बोलले."

"आई, राहू द्या आता ते."

परत आल्यावर काही महिन्यांनी निकाल लागला. दोघींनी तो गावातल्या एका संस्थेच्या खोलीत, बेपत्ता झालेल्यांच्या आणखी काही घरच्यांबरोबर पडद्यावर पाहिला. दोन्ही गुन्हे शाबित झाले, जन्मठेप झाली. न्यायाधीशांनी मेलेल्यांची नावं वाचली. त्याचं नाव आलं तेव्हा सासूने मान हलवली, हजेरीला दुसऱ्याच्या वतीने हो म्हणावं तशी. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी त्यांना गप्प केलं. बाहेर पडताना वकीलबाईंनी फोनवर सांगितलं, की तो अपील करणार आहे, अजून दोन-तीन वर्षं जातील. "जाऊ द्या," सासू म्हणाली. "तो कुठे आणि मी कुठे पळून जाणार आहोत."

मरणाचा दाखला काढायला ती स्वतः गेली. सुनेला बरोबर घेतलं नाही. घरी येऊन तो कपाटात ठेवला, त्याचे कपडे काढले, आणि पॅंटींच्या वाढवलेल्या कमरा बघत बसली. मग सुनेला म्हणाली, "पोरी, आता तू मोकळी आहेस. मी मनापासून सांगतेय. त्या औषधवाल्याला कळव."

सून हो म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला. बऱ्याच वेळाने सासूच्या लक्षात आलं, की नळ नुसताच वाहतोय. जाऊन बघते तर सून ओट्याखाली जमिनीवर बसलेली, तोंडात पदर कोंबलेला, सगळं अंग गदगदत होतं. तिला वाटलं होतं, आपण त्याला केव्हाच निरोप दिलाय. पण तो तिने दिला होता एका घरात, जिथे दुसरं कुणी रोज त्याची वाट बघत होतं. दुसऱ्या खोलीत तो जिवंत होता, म्हणून या खोलीत त्याला मेलेला मानणं जमून गेलं होतं. आता तो दोन्ही खोल्यांत नव्हता.

"मला त्याचा आवाज आठवत नाही, आई," ती म्हणाली. "आठवायला गेलं की तुमचाच येतो."

सासूने नळ बंद केला आणि तिच्याजवळ खाली बसली. गुडघे दुखत होते तरी बसली. तिचं डोकं मांडीवर घेतलं. रडू दिलं.

असं कितीतरी दिवस चाललं. सून कामावर जायची, काचा घासायची, घरी येऊन न जेवता पडायची. एका दुपारी सासूने मशीनवर कापड झाकलं, चपला घातल्या आणि चौकातल्या औषधाच्या दुकानात गेली. दोन गिऱ्हाइकं होती. ती बाजूला उभी राहिली. गिऱ्हाइकं गेल्यावर दुकानदार काउंटरमागून बाहेर आला. त्याला वाटलं, भांडायला आलीय.

"काय देऊ?" त्याने विचारलं.

"काही नको. तुला सांगायला आले." तिने श्वास घेतला. "ती अजून हो म्हणणार नाही. नाही म्हणतेय असं नाही. पण तिला आत्ता कुठे रडू फुटलंय."

"मी थांबेन," तो म्हणाला. "कितीही दिवस."

"थांबेन म्हणू नकोस. थांबण्याने काय होतं ते मला विचार." ती काउंटरला टेकली. दमली होती. "रविवारी दुपारी जेवायला ये. ती बोलेल न बोलेल. तू आपला येत जा."

त्याने मान हलवली. मग तिला बसायला खुर्ची दिली, आणि तिचे पाय सुजलेले बघून, न विचारता, रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं. तिने बाही वर केली.