तपासणाऱ्याचं नाव

कौमुदी लग्न होऊन चेन्नईजवळच्या आवडीला आली तेव्हा तिच्या सासूबाईंनी, त्रिपुरसुंदरींनी, शेजारी सांगून टाकलं की आमची सून ड्रायव्हर बनवते. समोरच्या घरच्यांना वाटलं, ती गाडी शिकवायची शाळा चालवत असावी. त्यांनी आपल्या मुलीसाठी फीसुद्धा विचारून पाहिली.

कौमुदी मूळची कऱ्हाडची. चेन्नईत गिंडीच्या एका लहान कंपनीत ती नोकरी करायची. कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, त्याला मेमरी कार्डाची भाषा कळत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो. तो दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. नव्या प्रकारच्या एका कार्डासाठी तिने दीड वर्ष खपून असा ड्रायव्हर लिहिला होता. जगभरचे लोक मिळून सांभाळतात त्या कर्नलमध्ये तो घेतला गेला, त्या दिवशी घरी पायसम झालं. फक्त त्याच्या नावापुढे एक शब्द होता, 'एक्सपेरिमेंटल'. नव्या ड्रायव्हरला तो लावतातच, असं तिने नवऱ्याला, गिरिधरला सांगितलं. सासरे रघुराम शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी ऐकलं आणि पेपरचं पान उलटलं.

रघुराम आवडीच्या संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी इंजिनं तपासली. त्यांचे पूर्वज तंजावरचे. घरात बोलली जायची ती तिकडची जुनी मराठी, तमिळमध्ये मुरलेली. कौमुदीला पहिले काही महिने ती अर्धीच कळायची. 'असके आले' म्हणजे सगळे आले, हे तिने विचारून घेतलं होतं. सासऱ्यांना तिची मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटायची. दोघांत भांडण कधी नव्हतं, पण कॉफी झाली का, पेपर आला का, यापुढे दोन वर्षांत बोलणंही गेलं नव्हतं.

जुलैत चेन्नईच्या दक्षिणेकडच्या कोवलम गावाहून तक्रार आली. तिथल्या चौदा मासेमारी होड्यांवर एका संशोधन गटाने लहान डबे बसवले होते. समुद्राचं तापमान, खोली आणि होडीचा मार्ग हे सगळं त्या डब्यांत कौमुदीच्या ड्रायव्हरमार्फत साठायचं. त्यातल्या तीन डब्यांनी अख्ख्या फेरीची नोंद घालवली होती. फायलींची नावं जागच्या जागी होती, आत मात्र नुसती शून्यं.

कौमुदी हबकली. वीज अचानक गेली तर काय होईल याची चाचणी तिने ड्रायव्हर देण्यापूर्वीच घेतली होती. एक यंत्र लावून बाराशे वेळा डब्याची वीज तोडली होती, आणि बाराशे वेळा फायली शाबूत निघाल्या होत्या. तिचे वरिष्ठ अनंतकृष्ण भले गृहस्थ होते. ते रागावले नाहीत, पण दोन आठवड्यांत कारण सापडलं नाही तर जुना, संथ ड्रायव्हर परत बसवू असं त्यांनी सांगितलं. ती डबा घेऊन घरी आली आणि हॉलमधल्या टेबलावर त्याची मांडामांड केली.

तीन दिवस रघुराम खुर्चीतून बघत होते. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि विचारलं, "त्या शब्दाचा अर्थ काय मा? तो जो नावापुढे लावलाय."

तिने सांगितलं की ड्रायव्हर चालतो, पण त्याचा पूर्ण भरवसा अजून कुणी देत नाही. वापरणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर वापरावा. रघुरामांना हे अजब वाटलं. त्यांच्या कारखान्यात सुट्या भागावर शिक्का असायचा किंवा नसायचा, मधलं काही नव्हतं. त्यांनी पुढे विचारलं की तो तपासला कुणी. मीच, असं ती म्हणाली.

"ज्याने केलें, त्यानेच तपासलें?" रघुराम म्हणाले. "आमच्याकडे तें चालत नव्हतें."

त्यांच्या स्वरात दोष देणं नव्हतं, पण कौमुदीला ते लागलं. संध्याकाळी गिरिधर टी. नगरच्या बँकेतून परतला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, अप्पांनी एकदा स्वतःच्या मेव्हण्याने केलेला भाग नापास केला होता, त्यावरून मामा चार वर्षं घरी आला नव्हता. यातून तिला फारसा दिलासा मिळाला नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला वाटलं, म्हातारा म्हणतो ते खरंच आहे. आपल्याला ज्या चुका सुचल्या त्यांचीच परीक्षा आपण घेतली. जी सुचलीच नाही तिची कोण घेणार?

सकाळी कॉफी देताना तिने विचारलं, "अप्पा, तुम्ही तपासाल का?"

रघुरामांनी कॉम्प्युटरमधलं आपल्याला काही कळत नाही असं सांगितलं. ती म्हणाली, म्हणूनच. त्यांनी कॉफी संपवली, आत जाऊन बनियनवर इस्त्रीचा शर्ट घातला आणि टेबलाशी येऊन बसले.

पुढचे तीन दिवस सकाळी नऊ ते बारा ते डब्याचा प्लग काढत आणि लावत होते. कधी अलगद, कधी झटक्याने, कधी अर्धवट. प्रत्येक वेळेची नोंद ते वहीत तिरप्या, बारीक अक्षरात करायचे. कौमुदी शेजारी बसून फायली तपासायची. मध्ये मध्ये ते कारखान्यातल्या गोष्टी सांगायचे: थंड इंजिनाचा आवाज वेगळा, तापलेल्याचा वेगळा, आणि आपल्याला दोन्ही आवाज झोपेत ओळखता येत. ती त्यांना कऱ्हाडच्या घाटावरच्या गोष्टी सांगायची. त्रिपुरसुंदरी आतून ऐकत असायच्या. नवऱ्याला इतकं बोलताना कितीतरी वर्षांत ऐकलं नाही, असं त्यांनी गिरिधरला सांगितलं.

फायली मात्र एकदाही बिघडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला रघुरामांनी वही मिटली.

"हा डबा राहतो कोठें?" त्यांनी विचारलं.

कोवलमला, होडीत, असं ती म्हणाली. ती जागा तू पाहिलीस का, असं त्यांनी विचारलं. तिने पाहिली नव्हती. फोटो पाहिले होते. रघुरामांचा चेहरा पाहून तिने लगेच दुसऱ्या दिवशी जायचं ठरवलं.

दोघं पहाटेच आवडीहून निघाले. उपनगरी गाडीने सेंट्रल, तिथून बसने अड्यार, मग ईस्ट कोस्ट रोडची दुसरी बस. त्रिपुरसुंदरींनी डब्यात इडल्या दिल्या होत्या, त्या त्यांनी बसमध्येच खाल्ल्या. कोवलमला पोचले तेव्हा होड्या परतल्या होत्या आणि वाळूवर माशांचा सौदा चालू होता. रघुराम जन्मात मासे न खाल्लेला माणूस, पण नाकाला रुमाल न लावता ते पाट्यांमधून वाट काढत गेले. ज्या तीन होड्यांच्या नोंदी गेल्या होत्या, त्यातली एक अरुळप्पन नावाच्या नावाड्याची होती. त्याने दोघांना हात देऊन होडीत चढवलं आणि डबा दाखवला. तो इंजिनाच्या बॅटरीलाच जोडलेला होता.

रघुरामांनी अरुळप्पनला तमिळमध्ये विचारलं की समुद्रात इंजिन किती वेळा बंद होतं. तो म्हणाला, जाळं टाकताना बंद, ओढताना बंद. एका फेरीत दहा-बारा वेळा सहज. जुन्या होड्यांना हाताने फिरवायचं हँडल असतं. त्याचं स्वतःचं इंजिन मात्र नवीन, बटण दाबलं की चालू. असं बटण आणखी कुणाकडे आहे, असं रघुरामांनी विचारलं. त्याने दोन होड्यांकडे बोट केलं. कौमुदीने हातातला कागद पाहिला. नोंदी गेलेल्या उरलेल्या दोन होड्या त्याच होत्या.

"बटण दाबा एकदा," रघुराम म्हणाले, आणि कौमुदीला त्यांनी होडीतला लहान दिवा दाखवला. "याकडे बघ मा. इंजिनाकडे नको."

अरुळप्पनने बटण दाबलं. इंजिन घरघरलं, आणि दिवा विझतो की काय इतका मंद होऊन पुन्हा पेटला. पापणी लवावी तेवढाच वेळ.

रघुरामांनी सांगितलं की इंजिन सुरू करणारी मोटर बॅटरीतली सगळी ताकद ओढून घेते. त्या क्षणी बाकीच्यांना उपाशी राहावं लागतं. कारखान्यात हे ते रोज पाहत, म्हणून त्यांना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. कौमुदी मात्र होडीच्या काठावर बसली. इतके दिवस ती डब्याची वीज पूर्ण तोडत होती. इथे वीज जातच नव्हती. ती फक्त क्षणभर खचत होती. तेवढ्यात कार्डाला मूर्च्छा येत होती, पण कर्नल जागाच राहत होता. कार्ड 'मिळालं' असं सांगून माहिती थोडा वेळ हातात धरून ठेवतं, मग सावकाश कोरतं. मूर्च्छेत हातातलं सांडायचं, शुद्धीवर आल्यावर ते नव्याने कामाला लागायचं, आणि सांडलेल्याचा पत्ता ड्रायव्हरला कधी लागायचाच नाही. नाव कोरलेलं राहायचं, मजकूर गेलेला असायचा.

तिने हे सासऱ्यांना जमेल तसं सांगितलं. ते म्हणाले, "सरि, बरं. मग घरी करून बघू. पाहिल्यावाचून खरें मानायचें नाही."

आवडीच्या बाजारातल्या ओळखीच्या मेकॅनिककडून रघुरामांनी एक बॅटरी आणि जुन्या कारची स्टार्टर मोटर आणली. हॉलमध्ये ग्रीसचे डाग पडले तेव्हा त्रिपुरसुंदरींनी दोघांना एकत्रच रागावून घेतलं आणि खाली घालायला जुनी चटई दिली. एका लाकडी फळीला मोटर आवळून रघुराम बटण दाबायचे. सोळा वेळा काही झालं नाही. सतराव्या वेळी फाइल उघडली तर आत शून्यं.

कौमुदी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. रघुरामांना वाटलं, पोरीचं काम मोडलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नको मा. परत करशील."

"अप्पा, सापडलं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती हसत होती. "वाईट कसलं? सापडलं."

दुरुस्तीला तीन दिवस लागले. कार्डाने माहिती पक्की कोरल्याचं कळवेपर्यंत ड्रायव्हर आता तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवू लागला. कार्ड मूर्च्छेतून उठलं की हातचं पुन्हा द्यायचं. नंतर रघुरामांनी सहाशे वेळा बटण दाबलं. एकही फाइल गेली नाही.

कर्नलमध्ये दुरुस्ती पाठवताना कुणी लिहिली, कुणी चूक शोधली आणि कुणी तपासली, त्यांची नावं खाली द्यायची रीत आहे. कौमुदीने शोधणारा आणि तपासणारा या दोन्ही ओळींत सासऱ्यांचं नाव लिहिलं. त्यासाठी ईमेलचा पत्ता लागतो, तो गिरिधरने त्यांना काढून दिला. अनंतकृष्णही खूश झाले. त्यांचं म्हणणं पडलं की आता तो 'एक्सपेरिमेंटल' शब्दही काढून टाकायची विनंती याच पत्रात करावी. कौमुदीलाही तेच हवं होतं. पत्र पाठवण्याआधी तिने ते रघुरामांना वाचून दाखवलं.

ते म्हणाले, "तो शब्द आत्ता काढू नको."

तिला धक्का बसला. सहाशे वेळा तुम्हीच पाहिलंत, असं ती म्हणाली. रघुरामांनी मान हलवली. फळीवरची मोटर म्हणजे समुद्र नव्हे. ऑक्टोबरात ईशान्येचा पाऊस सुरू होईल, होड्या हेलकावतील, तारांत खारं पाणी जाईल. तो एक हंगाम जाऊ दे. "तुझ्यावर भरवसा आहे," ते म्हणाले. "शिक्का निराळा."

यावेळी तिला लागलं नाही. तिने ती ओळ खोडली. अनंतकृष्णांनी थोडी कुरकुर केली, मग कारण ऐकून मान्य केलं.

पाऊस त्या वर्षी दांडगा झाला. डिसेंबरात तर आठवडाभर होड्या निघाल्याच नाहीत. रघुराम महिन्यातून दोनदा कोवलमला जाऊन यायचे. कौमुदी सोबत असली तर ठीक, नाहीतर एकटेच. अरुळप्पन त्यांना इन्स्पेक्टर सर म्हणू लागला. एकदा डब्याच्या झाकणात पाणी शिरलेलं त्यांना दिसलं, त्यांनी रबराची नवी पट्टी बसवून घेतली. जानेवारीत चौदाही डबे उतरवून आणले. दोघांनी दोन दिवस बसून प्रत्येक फेरीची नोंद उघडली. एकही रिकामी नव्हती.

कौमुदीने मग एका ओळीचा बदल पाठवला, तो शब्द काढून टाकणारा. खाली हंगामाची सारी हकिकत आणि तपासणाऱ्याचं नाव. कर्नलच्या त्या भागाची देखरेख करणारे गृहस्थ फिनलंडचे. त्यांनी बदल त्याच दिवशी स्वीकारला, आणि रघुरामांना वेगळं पत्र लिहून आभार मानले. इतक्या धीराने केलेली तपासणी आपल्याकडे क्वचित येते, असं त्यांनी लिहिलं होतं.

रघुरामांनी ते पत्र कौमुदीकडून दोनदा वाचून घेतलं. मग उत्तर सांगायला बसले. तासभर त्यांनी कारखान्याच्या जुन्या सरकारी इंग्रजीत मजकूर सांगितला, मध्ये दोनदा परिच्छेद बदलले, आणि फिनलंडमध्ये थंड इंजिनं सुरू करताना बॅटरी किती खचते अशी विचारणाही घातली. शेवटी तिला बजावलं की एकही शब्द बदलू नको. कौमुदीने एकही बदलला नाही. पत्र गेल्यावर ती कॉफी करायला उठली, तर त्रिपुरसुंदरींनी ती आधीच गाळून तिघांसाठी टेबलावर आणून ठेवली होती.