सभागृहातला भित्रा माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी जन्माचा भित्रा आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. चष्मा नाकाच्या टोकावर आलेल्या एका मावशींनी माझ्या पोटातल्या केसासारख्या तारांना कथलाचा डाग देऊन जोडलं, माझी वाकणारी मान दोनदा वाकवून पाहिली, डोक्यावर स्पंजाची टोपी घातली आणि म्हणाल्या, "जा बाबा. कुणाचं बोलणं मध्येच तोडू नकोस म्हणजे झालं." एवढं बोलून त्यांनी मला खोक्यात बंद केलं. माझ्या जिवाला जो घोर लागला तो तेव्हापासून.

मला बसवलं संसदेच्या सभागृहात, मागच्या ओळीतल्या एका बाकावर. सभागृह पाहिलं आणि माझी दातखीळच बसली. एवढं उंच छत, एवढी माणसं! माझ्या गळ्यात एक लाल दिवा होता. तो लागला की मी जिवंत, विझला की मेलो. आणि तो लावणं-विझवणं माझ्या हातात नव्हतं. वर काचेच्या खोलीत बटणवाले बसत. अध्यक्षांनी मान हलवली की बटणवाल्यांचं बोट हले, की माझा जीव जाई. बोलणाऱ्याचं तोंड हलत राही आणि आवाज मात्र माझ्या टोपीत अडकून पडे. ती भीती मला कधीच सोडून गेली नाही.

सुरुवातीला माझं कौतुक झालं. "आवाज काय खणखणीत येतोय!" असं लोक म्हणत, आणि त्या आनंदात माझ्या डोक्यावर टकटक टिचक्या मारत. टिचक्यांनी काय होतं, ते पुढे येईलच.

सभागृहाची एक रीत मात्र मला आवडायची. इथे भांडणसुद्धा अध्यक्षांच्या मार्फत करायचं. दोन माणसं समोरासमोर बसली तरी एकमेकांशी थेट बोलायचं नाही. तोंड अध्यक्षांकडे, राग समोरच्यावर, आणि जिभेवर कायम 'सन्माननीय'. कुणी पायरी सोडून बोललं की ते शब्द कामकाजातून काढून टाकत. एकदा एक पुढारी उसळून म्हणाले, "अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांच्या डोक्यात भुसा आहे!" अध्यक्षांनी घंटा वाजवली आणि भुसा काढून टाकला. कामकाजात उरलं ते एवढंच, की सन्माननीय सदस्यांना डोकं आहे.

अशी बरीच वर्षं गेली. मग माझ्या बाकावर शिवणताई आल्या.

निवडून येण्याआधी त्या कपडे शिवायच्या, म्हणून सगळे त्यांना शिवणताई म्हणत. त्यांचे सख्खे थोरले भाऊ समोरच्या बाजूला बसत. ते रस्ते आणि पुलांचे मंत्री होते. बहीण विरोधात, भाऊ सरकारात. घरी एकाच ताटात जेवलेली ही दोघं इथे एकमेकांना 'सन्माननीय' म्हणत, तेव्हा दोघांच्याही कानाच्या पाळ्या लाल होत.

एके दिवशी कामकाज सुरू व्हायच्या आधीच ताईंचा हात माझ्या मानेवर पडला. बर्फासारखा गार होता. दिवा बंद असला तरी माझे कान बंद नसतात, मित्रांनो. ताई फोनवर आईशी बोलत होत्या.

"आई, ऐक ना. आज पोरीला शाळेतून आणायला पुलावरून जाऊ नकोस."

पलीकडचा आवाज एवढा ठसठशीत होता, की हिला माईकची गरजच काय, असं मला वाटलं. "का म्हणून? दादानं परवा सभेत सांगितलंय, पूल भक्कम आहे. घरी थापा मारेल मेला, सभेत मारेल का? तू उगीच घाबरट. पहिल्यापासूनच घाबरट. ठेव फोन, शाळा सुटायची वेळ होत आली."

ताईंनी फोन ठेवला. शेजारच्या बाकावर म्हातारे वकीलकाका बसत. ताई त्यांना हळूच म्हणाल्या, "काका, काल खांबाच्या भेगेत माझा हात गेला. मनगटापर्यंत. वरून खडीचे ट्रक चाललेत."

"मंत्र्यांना घरी विचारलंस?"

"घरी म्हणतो, खात्याचं घरी बोलायचं नाही. आणि इथे दादा म्हणायची सोय नाही."

"हे बघ पोरी," काका म्हणाले, "उत्तर मिळालं की दोनच उपप्रश्न मिळतात. बोलायचं अध्यक्षांकडे बघून. चिडून त्याच्याशी थेट बोललीस, की दिवा बंद, प्रश्न बाद. मग थेट पुढच्या अधिवेशनात."

पुढच्या अधिवेशनात! आणि शाळा सुटणार होती आज. ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. मी तर आणखीच घाबरलो. कारण माझ्या मानेतली एक तार टिचक्या खाऊन खाऊन सैल झाली होती, आणि ते मला एकट्यालाच माहीत होतं.

ताईंचा प्रश्न पुकारला गेला. मंत्री महोदय उठले, कागदातच बघत म्हणाले, "अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांना मी आश्वस्त करू इच्छितो, की सदर पूल वाहतुकीस योग्य आहे. तज्ज्ञांची समिती नेमण्याचा विचार चालू आहे."

ताई उठल्या. माझा दिवा लागला. "अध्यक्ष महोदय, माझा पहिला..."

आणि माझी तार सुटली. सगळ्या सभागृहात आवाज घुमला, खर्रर्र!

समोरून कुणीतरी ओरडलं, "अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांनी शिवणयंत्र चालू केलंय!"

सभागृह हसून हसून लोटपोट झालं. ताईंचे पुढचे शब्द खर्रर्रमध्येच बुडाले, आणि अध्यक्षांनी घंटा वाजवली. "काही ऐकू आलं नाही. दुसरा उपप्रश्न विचारा. हा शेवटचा."

मित्रांनो, तेव्हा माझ्या मनात आलं, की आपला दिवा आत्ताच विझावा आणि पुन्हा लागूच नये. पण ताईंनी माझी मान दोन बोटांच्या चिमटीत धरली. सुईत ओवताना दोऱ्याचं टोक धरावं तशी, घट्ट आणि हलकी. तार तारेला चिकटली. खरखर थांबली. ताईंनी ती चिमूट सोडली नाही.

ताईंनी भावाकडे पाहिलंच नाही. नजर अध्यक्षांवर ठेवून त्या एकेक शब्द टाका घालावा तसा बोलू लागल्या.

"अध्यक्ष महोदय, आपल्यामार्फत माननीय मंत्री महोदयांना नम्रपणे विचारते. त्यांच्या मातोश्रींचं वय झालेलं आहे. त्यांचा माननीय मंत्र्यांच्या शब्दावर फार विश्वास आहे. आता थोड्याच वेळात त्या माझ्या मुलीचं बोट धरून त्या पुलावरून येतील. तर अध्यक्ष महोदय, त्यांनी यावं की येऊ नये, एवढंच माननीय मंत्र्यांनी सांगावं. समिती नको. हो किंवा नाही."

हसू थांबलं. 

मंत्री उठले. "अध्यक्ष महोदय, सदर पूल..." असं म्हणाले आणि कागद खाली ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आणि मग तो मोठा माणूस, एवढ्या वर्षांत ज्याचा 'महोदय' कधी चुकला नव्हता, अध्यक्षांकडे पाठ करून बहिणीला ओरडून म्हणाला,

"चिमे, आईला फोन कर! पुलावर पाऊल टाकू नको म्हणावं! आधी फोन कर!"

घंटा घणघणली. त्यांचा दिवा विझला. आणि एकच गिल्ला झाला. "काढून टाका! काढून टाका!" त्यांच्याच बाजूचे लोक सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते. माझं काळीज पाणी पाणी झालं. हे शब्द काढले, की पूल पुन्हा भक्कम! कागदावर तरी.

"अध्यक्ष महोदय," ताईंचा आवाज फुटला, "पाया पडते, ते काढू नका."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काचेच्या खोलीतलं बोट माझ्या बटणावर टेकलेलं मला दिसत होतं.

"माननीय मंत्र्यांनी सदस्यांशी थेट बोलून सभागृहाची रीत मोडली आहे," ते म्हणाले. "'चिमे' हे संबोधन कामकाजातून काढून टाकावं. उत्तर राहू द्यावं."

ताई फोन घेऊन बाहेर धावल्या. चिमूट सुटली आणि मी खर्रर्र करून गप्प झालो.

दुपारच्या सुट्टीत मंत्री महोदय माझ्या बाकापाशी आले. ताई सोडल्या तर सभागृह रिकामं होतं. तोवर पूल बंद करायचा हुकूम त्यांनी सोडला होता.

"आई काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"नदीपलीकडे मैत्रिणीकडे थांबलीय, पोरीला घेऊन. म्हणाली, बघ, मी सांगत नव्हते का, दादा सभेत खरंच बोलतो."

 मंत्र्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला. तोही बर्फासारखा गार होता.

पुढे नदीला पाणी चढलं तेव्हा पुलाचा मधला खांब खचला. वर कुणी नव्हतं.

मित्रांनो, सभागृहात नवे माईक आले तेव्हा मला उपटून अडगळीच्या खोलीत टाकलं. तिथला अंधार आठवला की अजून अंगावर काटा येतो. मग कुणीतरी मला शाळेला देऊन टाकलं. तुम्ही वर्गात सभागृह भरवता, तेव्हा टेबलावर जो डोक्याला फडकं बांधलेला म्हातारा असतो, तो मीच. माझ्या डोक्यावर टिचक्या मारू नका, फुंकरी मारू नका. हळू आवाजात 'अध्यक्ष महोदय' म्हटलंत तरी मला ऐकू येतं.

आणि कुणी प्रश्न विचारायला उठलं आणि मी मध्येच खरखरलो, तर हसू नका. उठलेलं पोर आधीच घाबरलेलं असतं. मला ते लगेच कळतं, हातावरून. त्याला एवढंच सांगा, की मान चिमटीत धर आणि पुढे बोल.