तिसऱ्यांदा आलेलं जोडपं

रोमिनाने बटण दाबलं आणि यंत्राने पाऊण मिनिटात दोनशे चौदा लग्नं लावून टाकली.

एक नवरदेव एकशेसात वर्षांचा, नवरा-नवरीची नावं ‘झझझ’ आणि ‘टटट’, एक वधू तर चार वेळा विधवा झालेली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या झुल्माने माटेच्या कडू चहाची नळी ओठांतून काढली.

“असली स्थळं आली असती तर आमचा पाद्री गाव सोडून गेला असता.”

“खरी माणसं नाहीत ती, झुल्माबाई. प्रोग्रॅममधली एकेक ओळ घेऊन, ती चालवावीच लागेल असं खोटं जोडपं हे टूल आपोआप रचतं. न तपासलेली एकही ओळ राहायला नको.”

रोमिना राजधानीतून आली होती. पुएर्तो कांडेलाच्या विवाह नोंदणी कचेरीचा प्रोग्रॅम नव्या यंत्रावर न्यायचा होता, आणि तो लिहिणाऱ्यांपैकी झुल्माच काय ती उरली होती. तो लिहिला त्या काळी गावात थंड हवेची खोली एकच, ती यंत्राची. उन्हाळ्यात सगळी कचेरी काही ना काही निमित्त काढून तिथे येऊन बसायची. वाल्देमारही यायचा, झुल्माचा नवरा असताना यायचा आणि नसतानाही.

“एक ओळ हटून बसली होती, तीही चालली,” रोमिना म्हणाली. मग तिने त्या ओळीवर लिहिलेली टीप वाचली. “‘तेच जोडपं तिसऱ्यांदा आलं तर नोंद करू नये. दोनदा पुरे.’ हे कायद्यात कुठे आहे हो?”

“कायद्यात नाही. मी घातलंय.”

वाल्देमारने झुल्माच्या आईचा पियानो विकून होडी घेतली, तो पहिला घटस्फोट. होडी विकून तो परत आला, तिने पुन्हा लग्न केलं. पाच वर्षांनी त्याने तीच होडी जास्त पैसे मोजून परत आणली, तो दुसरा. त्याच आठवड्यात तिने ती ओळ लिहिली. तेव्हापासून दर वसंतात तो चौकात टोपी काढून पुन्हा लग्नाचं विचारायचा, आणि ती म्हणायची, “माझं काही नाही रे, पण यंत्र घेत नाही.” तो मान डोलवून निघून जायचा. पस्तीस वर्षं हे उत्तर पुरलं होतं. या सोमवारी मात्र ते देण्याआधी तिने उगाचच माटेचे दोन घोट घेतले होते.

पडद्यावर ‘कककक’, वय अठरा, आणि ‘पपपप’, वय एकशे एकोणीस, यांनी लग्न केलं, मोडलं, पुन्हा केलं, पुन्हा मोडलं आणि तिसऱ्यांदा दारात उभे राहिले. चार सेकंदांत.

“आम्हाला बारा वर्षं लागली,” झुल्मा म्हणाली.

खाली निकाल उमटला : नोंद झाली.

“शक्य नाही. परत चालव.”

रोमिनाने परत चालवलं. नोंद झाली.

“‘दोनदा पुरे’ असं छापतं ते, पण थांबायला कुणी सांगितलेलंच नाही. छापून झालं की सरळ पुढे जातं.”

झुल्मा नाक टेकेल इतकी पडद्याजवळ गेली. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधला चुकीचा स्वल्पविराम ती लांबून ओळखायची. सावकाश तिने ओळी वरून खाली वाचल्या, मग खालून वर.

“म्हणजे इतकी वर्षं...”

“कुणीही आलं असतं तर नोंद झाली असती. आलंच नाही कुणी.”

पडद्यावर प्रश्न थांबला होता : निकाल बरोबर आहे का? हो की नाही?

“एवढंच त्याला कळत नाही,” रोमिना म्हणाली. “जोडपी रचतं, पण बरोबर काय ते माणसानेच सांगायचं. मी ‘नाही’ दाबते आणि दोन मिनिटांत दुरुस्त करून टाकते.”

“सरक जरा.”

झुल्माने खुर्ची पुढे ओढली, बोट पदराला पुसावं तसं स्कर्टला पुसलं आणि ‘हो’ दाबलं.

“अहो, पण टीप तर नेमकं उलटं सांगतेय!”

“टीप जुनी झालीय, पोरी. ती खोडून टाक.”