छातीत चढलेली पुरणपोळी

ए, दात काढू नका! घृष्णेश्वराची आण घेऊन वरडून सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय.

निजामाचं राज होतं. मी पडेगावात नवी नवरी. पोळ्याला हलग्या कडाडल्या, बैल बुजला आन तुमच्या आजोबांच्या बरगडीखाली शिंग घुसलं. रगत थोडंच, पण श्वास घेता येईना. माझी सासू द्वारकाबाई. तिनं जखमंवर हळद दाबली आन वर तूप ओतून पुरणपोळी चारली. "सणाचं उपाशी कुणाला घराबाहेर काढू नाय!" पोळ्याला बैलाच्या मानंवर जू ठेवत नाहीत, म्हणून चांदपाशाच्या टांग्यातून शहरात दवाखान्यात नेलं.

गयास डॉक्टरनं छातीला नळी लावली आन चपापला. "पेट की गुडगुड सीने में?"

मग म्हणाला, छाती आन पोटाच्या मधी मांसाचा पडदा असतो, तो फाटलाय. जठर वर फुप्फुसाशेजारी चढलंय. आत्ताच्या आत्ता छाती उघडून पडदा शिवावा लागंल. "अम्मा, इसको कुछ खिलाए क्या?"

"पाणी बी नाय!" सासूबाई म्हणाल्या. भरल्या पोटी डॉक्टर हात लावत नाय, असं चांदपाशानं वाटंतच सांगितलं होतं.

सासूदेखत परक्या पुरुषाशी बोलायचं कसं? मी पदर तोंडात कोंबून उभी. तेवढ्यात आजोबांचे ओठ निळे पडले.

"पुरणपोळी!" मी वरडले. "तूप बी लई होतं!"

"अवदसे, आता ते परत पाठवतील की गं!"

"नै बोलती तो मर जाता," डॉक्टर म्हणाला. गुंगीत ते सारं घशाशी येऊन फुप्फुसात गेलं असतं. आधी रबरी नळीनं पोट रिकामं केलं.

म्या दाराच्या फटीला डोळा लावला. बरगड्या फाकवल्या, जठर खाली सारलं. पण पडदा श्वासासरशी वर-खाली, सुई टिकंना. डॉक्टरनं काळजाजवळची, पडदा हलवणारी नस चिमट्यात दाबली. पडदा निपचित पडला. मग काठावर काठ चढवून रेशमाचे टाके, दर टाक्याला वेगळी गाठ.

सासूबाई माझा दंड आवळत होत्या. "हलतोय का गं माझा बद्री? सांग की!"

"छाती हलतीया," मी म्हटलं.

शुद्धीवर येताच आजोबा म्हणाले, "पोळी उरलीया का?"

बरं बाई, तेवढं एक म्या पदरचं घातलं. पोळीचं ते बोललेच नाहीत. सासूदेखत त्यांनी माझा हात धरला, आन सासूबाईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं. असलं नातवंडांना काय सांगायचं, मेल्यांनो!